घरांतील पाळणा

मूल जन्मास येणें ही निसर्गाची किमया असली, तरी तें वाढणें ही घराची व समाजाची जबाबदारी आहे. एकत्र कुटुंबाच्या काळांत ही जबाबदारी वेगळी अशी उठून दिसत नसे. आई शेतावर गेली तर मूल आजीच्या मांडीवर असे. आजी नसली तर आत्या, थोरली जाऊ किंवा शेजारीण त्यास पाही. त्यामुळें ‘पाळणाघर’ हा शब्दच आपल्याकडे अलीकडचा आहे. परंतु ज्या मुलाभोंवतीं हें आप्तांचें कडें नाहीं, आणि ज्याला प्रत्यक्ष जन्मदात्या आईलाही चारचौघांत आपलें म्हणण्याची सोय नाहीं, त्या मुलानें कोणाच्या आधारावर जगावें? या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्रांत एक अत्यंत धीट उत्तर मिळालें. तें कोणा सरकारी खात्यानें दिलें नाहीं, कीं कोणा संस्थानिकाच्या थैलीनेंही दिलें नाहीं. पुण्याच्या गंज पेठेंत राहणाऱ्या एका नवराबायकोनें तें आपल्या राहत्या घराच्या आवारांत, पदराला खार लावून दिलें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं काढलेलें बालहत्या प्रतिबंधक गृह तें हेंच.

हें दांपत्य लोकांस मुख्यतः शाळांमुळें माहीत आहे. १८४८ सालीं बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत मुलींची शाळा निघाली, ही गोष्ट शाळकरी मुलेंही सांगतात. त्या मानानें घरांतील पाळण्याची हकीकत मागें राहिली. शाळेस फलक असतो, परीक्षा असतात, बक्षीससमारंभ असतो. पाळणा घराच्या आंतल्या बाजूस हलतो, आणि येथें तर तो गुप्तपणें हलवावयाचा होता. म्हणून या घराचा इतिहास सांगतांना आधीं तो गुप्तपणा कां आवश्यक झाला हें पाहिलें पाहिजे.

उच्चवर्णीय हिंदु समाजांत त्या वेळीं मुलींचीं लग्नें आठव्या-नवव्या वर्षीं होत. नवरा वारला म्हणजे संसार म्हणजे काय हें कळण्यापूर्वींच मुलगी विधवा होई. केशवपन, एकभुक्त राहणें, मंगलकार्यांत तोंड न दाखविणें, आणि जन्मभर कोणाच्या तरी स्वयंपाकघरांत राबणें, हें तिच्या वांट्यास येई. १८५६ च्या कायद्यानें विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता दिली खरी. पण कायद्याची संमति वेगळी आणि माजघराची संमति वेगळी. अशा निराधार स्त्रीस घरांतलाच किंवा गांवांतला एखादा पुरुष फशीं पाडी, आणि दिवस गेले कीं तो नामानिराळा राही. तिच्यापुढें मग तीनच वाटा उरत: गर्भ पाडणें, मूल जन्मतांच मारणें, अथवा स्वतः विहीर जवळ करणें.

१ जानेवारी १८६२ पासून हिंदी दंडविधान अमलांत आलें. गर्भपात करविणें, बारा वर्षांच्या आंतील मूल टाकून देणें, अर्भकाचें प्रेत गुपचुप नाहींसें करून जन्म लपविणें, या सर्वांस त्यांत शिक्षा सांगितल्या होत्या. अर्भकाचा जीव वांचावा हा हेतु योग्यच होता. परंतु कायदा गुन्ह्यानंतर दाराशीं येतो. गुन्ह्यापूर्वीं त्या बाईनें कोठें जावें, हें तो सांगत नाहीं. शिवाय पोट लपवितां येतें तें पुरुषासच. त्यामुळें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी राही ती एकटी स्त्रीच.

जोतीरावांच्या अगदीं ओळखीच्या वर्तुळांत अशी एक घटना घडली. त्यांच्या एका मित्राच्या घरीं एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. गांवांतील एका शास्त्र्याच्या नादानें ती गरोदर राहिली. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल जन्मलें, आणि अब्रूच्या भयानें तिनें तें मारून घरामागील विहिरींत टाकलें. खटला होऊन तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याच्या केसासही धक्का लागला नाहीं. बेहरामजी मलबारी यांनीं १८८४ सालीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य या विषयांवर जीं टिपणें प्रसिद्ध केलीं, त्यांवर मत देतांना जोतीरावांनीं त्याच वर्षीं ४ डिसेंबर रोजीं ही हकीकत लिहून ठेविली आहे, आणि या प्रकरणानंतर लगेच आपण आपल्या स्वतःच्या आवारांत हें गृह सुरू केलें असें तींत स्पष्ट म्हटलें आहे. गृहाविषयींचे आंकडेही त्याच लेखांत आहेत. म्हणून तो या इतिहासाचा मुख्य आधार होय.

परक्याचें मूल आपल्या उंबऱ्याच्या आंत घेणें ही कल्पना या दोघांस नवी नव्हती. जोतीराव अगदीं लहान असतांनाच त्यांची आई चिमणाबाई वारली. त्यांस वाढविलें तें मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनीं. या सगुणाबाई जॉन नांवाच्या मिशनऱ्याकडे मुलें सांभाळण्याचें काम करीत. दुसऱ्याचें मूल मायेनें वाढवितां येतें, आणि तें करणाऱ्या बाईच्या कामास कांहीं मोल असतें, हे दोन्ही धडे त्या घरांत पुस्तकाशिवाय मिळालेले होते. पुढें शाळेपायीं १८४९ सालीं वडील गोविंदरावांनीं या जोडप्यास घराबाहेर काढलें. आप्तांचें छत्र गमावणें म्हणजे काय, हेंही मग दोघांनीं एकत्रच अनुभविलें. स्वतःचें अपत्य त्यांस झालें नाहीं. जोतीरावांनीं दुसरें लग्न करावें हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता. तो त्यांनीं केला नाहीं.

गृह सुरू झालें तें छापील जाहिरातींनीं. ब्राह्मणवस्तीच्या पेठांतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्या जाहिराती चिकटविण्यांत आल्या. विधवांनीं येथें येऊन निर्धास्तपणें व गुप्तपणें बाळंत व्हावें. मूल बरोबर न्यावें किंवा मागें ठेवावें हें त्यांच्या खुशीवर राहील. ठेवलेल्या मुलाचा सांभाळ गृह करील, अशा त्यांतील आशय होता. ‘खुशीवर’ ही त्यांतील अट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. आईपासून मूल हिरावून घेण्याचा किंवा तिच्या गळ्यांत तें बळेंच बांधण्याचा हक्क येथें कोणी सांगितलेला नाहीं. नांवगांव, जात, बापाचें नांव यांची चौकशी दाराशीं थांबली. ज्या लोकांनीं या दांपत्याचा छळ केला त्यांच्याच घरांतील लेकीबाळींसाठीं हें दार उघडलें गेलें, ही गोष्टही विसरण्यासारखी नाहीं.

असें काम नवराबायको मिळूनच करूं शकत. एकट्या पुरुषाच्या घरीं अडलेली बाई पाऊल टाकती ना. एकट्या स्त्रीनें तें आरंभिलें असतें तर गांवानें तिचें जगणें अशक्य केलें असतें. जाहिरात, पैसा, बाहेरच्या लोकांशीं झगडा हीं कामें जोतीरावांकडे. बाळंतपण, न्हाऊंमाखूं, रात्रीचीं जागरणें आणि हिंपुटी झालेल्या बाईची समजूत हीं सावित्रीबाईंकडे. वरकरणीं ही वांटणी प्रत्येक संसारांत असते तशीच दिसते. पण नेहमींच्या संसारांत आंतलें काम हिशेबांत धरीत नाहींत. येथें मात्र आंतलें काम हाच संस्थेचा गाभा होता. मामा परमानंद यांनीं १८९० सालीं सयाजीराव महाराज गायकवाड यांस या कुटुंबाच्या साह्यार्थ पत्र लिहिलें, तेव्हां जोतीरावांहूनही त्यांच्या पत्नीची थोरवी अधिक, असा अभिप्राय त्यांनीं दिला. जवळून पाहणाऱ्या माणसाची ही साक्ष आहे.

खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. परोपकाराच्या कथा सांगतांना दूध, लाकूडफांटा, तेल आणि कपडा कोठून आला हें सांगण्याची आपल्याकडे चाल नाहीं. जोतीराव हे व्यवसायी गृहस्थ होते. ते बांधकामांचीं कंत्राटें घेत; १८६३ च्या सुमारास धातूच्या ओतकामाचें साहित्य पुरविण्याचा धंदा त्यांच्याकडे होता; मांजरीस शेती होती. बाळंतिणींकडून शुल्क घेण्याचा प्रश्न नव्हता, कारण येणारीच्या हातीं बहुधा कांहींच नसे. म्हणजे पतीच्या धंद्याची मिळकत आणि पत्नीचे श्रम, या दोन भांडवलांवर हें घर चाललें. त्यांतील पहिलें आटलें तेव्हां काय झालें, हें पुढें दिसेलच.

आतां या गृहाचें फळ काय, तें पाहूं जातां मन खिन्न होतें. जोतीरावांच्या लेखाप्रमाणें आरंभापासून १८८४ पर्यंत ३५ गरोदर विधवा येथें येऊन बाळंत झाल्या. त्या मुलांपैकीं त्या वेळीं ५ जिवंत होतीं. ३० दगावलीं होतीं. आयांनीं गर्भ पाडण्यासाठीं जीं विषारी औषधें आधींच घेतलीं असलीं पाहिजेत, त्यांनीं मुलांस पोटांतच अपाय झाला, असें कारण ते देतात. हा आंकडा त्यांनीं लपविला नाहीं, यांत त्यांचा सच्चेपणा आहे. सात मुलांत एक वांचलें, हें स्वतःच्या गृहाविषयीं लिहिणें सोपें नाहीं.

पण त्या आंकड्याचा न्याय करतांना इतर देशांकडेही पाहावें. लंडनमध्यें टॉमस कोरम यांच्या प्रयत्नानें १७३९ सालीं सनद मिळून १७४१ सालीं टाकलेल्या मुलांचें मोठें आश्रयस्थान उघडलें. १७५६ पासून १७६० पर्यंत पार्लमेंटच्या पैशानें तेथें येईल त्या मुलास घेण्यांत आलें. या चार वर्षांत सुमारें १५,००० मुलें आलीं, आणि त्यांपैकीं जवळजवळ दोनतृतीयांश मेलीं. तेथें राजाश्रय होता, वैद्य होते, पगारी दाया होत्या. तरीही आईच्या दुधाला मुकलेलें अर्भक जगविणें त्यांस साधलें नाहीं. जंतूंमुळें रोग होतात ही उपपत्ति १८६३ सालीं युरोपांतही सर्वमान्य झाली नव्हती. धनुर्वाताचा जंतु मातींत असतो हें जर्मनींत दिसून आलें तें १८८४ सालीं. नाळ कापण्याचें हत्यार उकळून घ्यावें, वरचें दूध निर्जंतुक करावें, हें ज्ञान सुइणींपर्यंत पोंचण्यास पुढें कैक वर्षें लागलीं. औषधांनीं आधींच पोळलेलें मूल, दुधाची अडचण आणि जंतूंचें अज्ञान, या तिहेरी फेऱ्यांतून जीं पांच वांचलीं, तीं खरोखर काळाच्या दाढेंतून ओढून काढलेलीं होतीं.

दुसरीही एक गोष्ट या हिशेबांत धरावयास हवी. एकवीस वर्षांत ३५ बाळंतपणें, म्हणजे वर्षास दोनही नव्हेत. कोणी म्हणेल, एवढ्यासाठीं केवढा हा खटाटोप! परंतु अशा घराची किंमत गर्दीवरून ठरत नाहीं. मध्यरात्रीं केव्हांही दार वाजेल, आणि वाजलें कीं उघडलें जाईल, ही खात्री एकवीस वर्षें अखंड टिकविणें हेंच तें काम होतें. ज्या ३५ जणी आल्या त्या विहिरीकडे गेल्या नाहींत, आणि कोर्टाच्या पिंजऱ्यांतही उभ्या राहिल्या नाहींत. मुलांचा आंकडा जोतीरावांनीं दिला. वांचलेल्या आयांचा आंकडा वाचकानें स्वतः मांडून घ्यावा.

याच पाळण्यांतून या दांपत्यास पुत्र मिळाला. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनीं १८७४ सालीं दत्तक घेतला व त्याचें नांव यशवंत ठेविलें. परक्याच्या मुलाचा सांभाळ करणें आणि त्यास वारस करणें यांत मोठें अंतर आहे. पहिल्यास लोक धर्म म्हणतात. दुसऱ्याच्या वेळीं जमीनजुमला, जात आणि भाऊबंदकी आडवी येते. १८८७ सालीं जोतीरावांनीं मृत्युपत्र करून यशवंतास आपला वारस ठरविलें. १८८९ सालीं सासने यांच्या मुलीशीं त्याचा विवाह सत्यशोधक पद्धतीनें झाला. जोतीरावांचें देहावसान २८ नोव्हेंबर १८९० रोजीं झालें, तेव्हां दत्तक पुत्रानें अंत्यविधि करण्यास भाऊबंदांनीं हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें हातीं धरलें, असें चरित्रकार सांगतात. पाळण्यापाशीं सुरू झालेला झगडा असा चितेपर्यंत पोंचला.

गंज पेठेंतील उदाहरण वायां गेलें नाहीं. १८७५ सालीं पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें याच हेतूचें गृह निघालें, आणि प्रार्थनासमाजानें त्याचा भार उचलला. पंढरपुरची स्थिति वेगळी होती. तें यात्रेचें क्षेत्र. वारीच्या गर्दींत ओळख बुडवून तेथें जातां येत असे, आणि त्यामुळें टाकलेल्या मुलांचा प्रश्नही तेथें बिकट होता. तेथील काम एका घराच्या आवाक्याबाहेरचें होतें. त्यास समाजाची वर्गणी आणि व्यवस्थापक मंडळ लागलें. घर हें रोप लावतें, आणि पुढें त्यास संस्थेचें कुंपण लागतें, हा क्रम येथें दिसतो.

तोंच १८७६ चा पाऊस फसला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. पुण्याहून उत्तरेस जाणारा रस्ता खेडचा घाट चढून पेठ, मंचर, नारायणगांव या गांवांवरून जुन्नरच्या मुलखांत उतरतो. या जिराइत पट्ट्यास दुष्काळाची झळ कडक लागली. जुन्नर तालुक्यांतील ओतूर येथें सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. सावित्रीबाई त्यांच्यांत जाऊन काम करीत होत्या. २० एप्रिल १८७७ रोजीं ओतुराहून त्यांनीं जोतीरावांस लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. अन्नावांचून माणसें व गुरें कोसळत आहेत, लोक गांवें सोडून निघाले आहेत, सावकारांनीं अडलेल्यांची नाडणूक चालविली आहे, आणि मदत करणाऱ्या सत्यशोधकांवरच सरकारी ससेमिरा लागल्यानें कलेक्टरशीं स्वतः बोलावें लागलें, अशी हकीकत त्यांत आहे. तें पत्र वाचतांना पत्नीनें पतीस लिहिलेलें नसून एका कार्यकर्तीनें दुसऱ्या कार्यकर्त्यास पाठविलेलें प्रतिवृत्त वाटतें. तरी ‘आपण दोघांनीं मिळून उचललेलें ओझें’ हा भाव त्याच्या मुळाशीं आहेच.

या पत्रास महिना होण्याच्या आंत, मे महिन्यांत, जोतीरावांनीं लोकांस मदतीची हांक दिली. पुण्याजवळ धनकवडी येथें दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठीं व्हिक्टोरिया बालाश्रम काढण्यांत आला होता. त्यासाठीं ती विनंति होती. गंज पेठेंतील गृह जन्मणाऱ्या एकेका मुलासाठीं होतें. धनकवडीस भुकेल्या मुलांच्या रांगा होत्या. पहिल्यांत लाज हा शत्रु होता, दुसऱ्यांत भूक. पहिल्यास गुप्तता हवी होती, दुसऱ्यास जाहीर वर्गणी. पण दोन्हीं ठिकाणीं करावयाचें काम तेंच: आई जेथें हतबल झाली आहे तेथें तिच्या जागीं कोणीतरी उभें राहणें. पत्नी ओतुरास आणि पति पुण्यास, असें एक घर त्या उन्हाळ्यांत दोन टोकांस ताणलें गेलें, तरी तुटलें नाहीं.

घरगुती संस्थेचें दुबळेपण मात्र शेवटीं प्रकट झालें. १८८८ सालीं जोतीरावांस अर्धांगवायूचा झटका आला. कमावता हात लुळा पडतांच घराची मिळकत आटली. परमानंदांच्या पत्राचें कारण हेंच. ज्यांनीं दुसऱ्यांच्या मुलांचें दूधपाणी पाहिलें, त्यांच्या स्वतःच्या औषधपाण्याची भ्रांत पडावी, यांत समाजाची नामुष्की आहे. दांपत्याच्या हिंमतीवर काम सुरू होतें. पण त्यांच्या म्हातारपणाची, आजाराची तरतूद इतरांनीं केली नाहीं तर तें काम त्या दोघांच्या आयुष्याएवढेंच राहतें.

सावित्रीबाईंचा अंतही एका मुलापायींच झाला. यशवंत डॉक्टर झाले होते. १८९७ च्या प्लेगांत हडपसरजवळ सासन्यांच्या मळ्यांत त्यांनीं रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका प्लेग झालेल्या मुलास सावित्रीबाईंनीं स्वतः उचलून तेथें आणलें, असें चरित्रांत नमूद आहे. त्यांस रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. वांचविलेलें मूल डॉक्टर होऊन दुसऱ्यांचीं मुलें वांचवूं लागलें होतें, इतकें मात्र त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

यानंतरच्या काळांत मुलांच्या सांभाळाचा प्रश्न हळूहळू कायद्याच्या व शिक्षणाच्या कक्षेंत आला. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र उघडून बालवाडी गरिबांच्या अंगणांत नेली. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथें सहा वर्षांखालील मुलांसाठीं पाळणाघर ठेवणें बंधनकारक केलें. १९७६ सालीं ही संख्या तिसावर आणली गेली. १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना येऊन अंगणवाडी गांवोगांव पोंचली. २०१७ च्या दुरुस्तीनें पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. तरी कायद्याचा हात कारखान्याच्या फाटकापर्यंतच पोंचतो. दुसऱ्याच्या शेतांत खुरपणीस जाणारी, कांदा काढणारी, ऊस तोडणारी बाई त्याच्या बाहेरच राहते, आणि अंगणवाडीचे तास संपले तरी तिचा दिवस संपत नाहीं.

शहरांतून आज हें काम घरगुती पाळणाघरें करतात, आणि त्यांतील पुष्कळ नवराबायको मिळून चालवितात. एकानें मुलांस पाहावें, दुसऱ्यानें बाजारहाट व हिशेब पाहावा, महिन्याचें शुल्क घ्यावें, असा तो रीतसर व्यवसाय आहे. फुले दांपत्याच्या गृहाशीं त्याची बरोबरी करतां येणार नाहीं; शुल्क देणारी आई लाजेनें तोंड लपवून येत नाहीं. तरीही नातें आहे. परक्याचें मूल आपल्या उंबऱ्याच्या आंत घेतांना त्याची जात न विचारणें, त्याच्या आईच्या अडचणीचा फायदा न घेणें, आणि सांभाळण्याच्या श्रमांस खरें काम मानणें, हे त्या व्यवसायाचे नियम गंज पेठेंत आधींच घालून दिलेले आहेत.

ज्या मुलखांतून सावित्रीबाईंनीं तें दुष्काळाचें पत्र लिहिलें, तो जुन्नर-आंबेगांवचा प्रदेश आतां कालव्यांच्या पाण्यानें हिरवा झाला आहे. भुकेचें तें रूप तेथें उरलें नाहीं. परंतु त्याच उसाच्या हिरवळींत बिबट्या वस्तीस आला असून, बांधावर किंवा खोपटापाशीं ठेवलेल्या लहानग्यांवर त्यानें झडप घातल्याच्या घटना तेथें घडल्या आहेत. आई कामावर गेल्यावर मूल कोणाच्या नजरेखालीं, हा प्रश्न तेथें केवळ सोयीचा नाहीं, जिवाचा आहे. पेठ, मंचर, ओतूर यांसारख्या गांवीं ज्या घरांत दोन माणसें, एक ओसरी आणि थोडी हिंमत असेल, तेथें असा पाळणा बांधतां येईल. मात्र तो बांधणाऱ्यांस गांवानें वाऱ्यावर सोडूं नये. गंज पेठेंतील त्या दांपत्यास त्यांच्या काळानें सोडलें. त्याची भरपाई पुतळ्यांनीं व्हावयाची नाहीं.